दुसऱ्याचा दंड, माझी गाडी: बेलीफ कंपनी आणि मोफत सल्लाकेंद्र, दोघांचा अनुभव

हा रिव्ह्यू दोन ठिकाणांचा आहे. एक, माझी गाडी उचलून नेणारी बेलीफ कंपनी. दोन, ती परत मिळवून देणारं आमच्या लेस्टरमधलं मोफत कर्जसल्ला केंद्र. दोघांचीही नावं लिहिलेली नाहीत, कारण प्रकरणाचा एक तुकडा अजून मिटायचा आहे. कंपनीला पाचापैकी शून्य द्यायची सोय असती तर शून्य दिला असता. केंद्राला साडेचार. अर्धा का कापला तेही सांगते.

मी घरोघरी जाऊन वृद्धांची काळजी घेण्याचं काम करते. इचलकरंजीहून येऊन मला इथे दीड वर्ष झालं. या कामात गाडी नसेल तर काम नाही, कारण सकाळी सातला विगस्टनमध्ये एका आजींना अंथरुणातून उठवायचं, न्याहारी आणि गोळ्या द्यायच्या, पावणेआठला दुसऱ्या घरी पोचायचं, असे दिवसाला अकरा-बारा फेरे असतात. ७ ऑक्टोबर २०२३ ला, शनिवारी, मी एक जुनी व्हॉक्सहॉल कोर्सा २,८५० पौंडांना घेतली. इतके दिवस साठवलेले पैसे होते. पैसे बँकेतून पाठवले, विकणाऱ्या मुलाकडून सहीची पावती घेतली, त्याने माझ्यासमोरच फोनवरून डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, मालक बदलल्याचं कळवलं, आणि नवं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी हा नोंदणीचा कागद, आठवडाभरात माझ्या नावाने घरी आलं. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, याची ऑनलाइन तपासणीही पैसे भरून केली होती. सगळं स्वच्छ निघालं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. दिवाळीचा पाडवा. आदल्या रात्री उशिरापर्यंत करंज्या तळल्या होत्या, त्यातल्या थोड्या विगस्टनच्या आजींसाठी डब्यात भरल्या आणि साडेसहाला बाहेर आले. पुढच्या चाकाला पिवळा क्लॅम्प, म्हणजे चाक जखडणारं कुलूप. काचेवर कागद चिकटवलेला, त्यावर नाव त्या मुलाचं, ज्याच्याकडून मी गाडी घेतली. शेजारी व्हॅनमध्ये एक माणूस बसलेला.

त्याने सांगितलं ते असं: लंडनच्या एका कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, बसलेनचा (बससाठी राखीव पट्ट्यात गाडी घातल्याचा) दंड त्या मुलाने भरलेला नाही, वॉरंट निघालंय, त्याच्या व्हॅनवरच्या कॅमेऱ्याने माझ्या गाडीचा नंबर टिपला, ५१४ पौंड आत्ता कार्डाने भरा नाहीतर गाडी जाईल. मी लॉगबुक दाखवलं. तो म्हणाला, लॉगबुकावर छापलेलंच आहे की हा मालकीचा पुरावा नाही. आणि हे खरं आहे. त्यावर नोंद असते ती गाडी वापरणाऱ्या नोंदणीकृत माणसाची, मालकाची नव्हे. पावती घरात होती, ती आणायला मी वर गेले, खाली येऊन दाखवली, तर म्हणाला अशी पावती कुणीही लिहील. बँकेचं स्टेटमेंट फोनवर उघडून दाखवलं. तो फोनकडे बघायलाही तयार नव्हता. "भरा आणि नंतर तक्रार करा," एवढंच.

कार्ड माझ्या हातात होतं. खात्यात सहाशेच्या आसपास पौंड होते आणि घरभाडं द्यायचं होतं. माझे हात कापत होते. हे लिहिते आहे कारण त्या क्षणी बहुतेक लोक पैसे भरतात. दोष त्यांचा नाही. समोर कामाची वेळ टळत असते, आणि समोरचा माणूस कायद्याचं नाव घेऊन बोलत असतो.

मी भरले नाहीत. शहाणपण नव्हतं ते, भाड्याचे पैसे होते एवढंच. मी मॅनेजरला फोन केला, आजींकडे दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून सांगितलं, आणि पायरीवर बसले. पावणेआठच्या सुमारास क्रेनची लॉरी आली आणि गाडी उचलून घेऊन गेली. मागच्या सीटवर करंज्यांचा डबा तसाच.

बेलीफ हा शब्द मला नवा नाही. लहानपणी गल्लीत कोर्टाचा बेलीफ समन्स किंवा जप्तीचा कागद घेऊन आला की बायका दारं लोटून घ्यायच्या. पण तो कोर्टाचा पगारी माणूस. इथे दंड आणि कौन्सिल टॅक्सच्या (आपल्या घरपट्टीसारखा कर) वसुलीला येतात ते बहुतेक खासगी कंपन्यांचे लोक. त्यांना कोर्टाचं प्रमाणपत्र लागतं, ते दोन वर्षांचं असतं, आणि त्यासाठी १०,००० पौंडांची हमी ठेवावी लागते. कायद्यात त्यांचं नाव 'एन्फोर्समेंट एजंट'. कौन्सिल त्यांना काम देते, आणि त्यांचं उत्पन्न येतं ते वसूल केलेल्या फीमधून. हे समजलं तेव्हा त्या सकाळची घाई मला समजली.

आता केंद्राबद्दल.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, सुट्टी टाकून मी तिथे गेले. दार साडेनऊला उघडतं, मी सव्वानऊला पोचले तर बाहेर चौदा लोक. अपॉइंटमेंटशिवाय आलेल्यांना नंबर देतात, माझा नंबर दीड वाजता लागला. बसायला खुर्च्या कमी, एक बाई तान्हं बाळ घेऊन उभी होती. अर्धा गुण त्यासाठी कापला. मोफत सेवा आहे, माणसं थोडी आहेत हे दिसतं, पण निदान सकाळीच "आज तुमचा नंबर दुपारी येईल" असं सांगितलं तर माणूस जाऊन येईल.

पण एकदा आत गेल्यावर जे मिळालं, त्याला तोड नाही. माझ्या समोरच्या सल्लागार बाई साठीच्या पुढच्या असतील. त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, गोष्ट नका सांगू, कागद दाखवा. मी प्लास्टिकच्या पिशवीतून सगळं टेबलावर ओतलं. त्यांनी ते तारखेप्रमाणे लावलं. त्या कागदांची रांग लागताना माझ्या मनातला गोंधळ पहिल्यांदा थोडा बसला.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला: "क्लॅम्प किती वाजता लावला?" मला माहीत नव्हतं. कागदावर ५ वाजून ३० मिनिटं लिहिलं होतं. त्या थांबल्या. नियमाप्रमाणे बेलीफला माल ताब्यात घ्यायला, रस्त्यावरची गाडी असली तरी, सकाळी सहा ते रात्री नऊ एवढीच मुभा असते, म्हणजे कागदावरची वेळच नियमात बसत नव्हती, असं त्या म्हणाल्या. पण आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. क्लॅम्प लावल्यापासून किमान दोन तास गाडी जागेवर ठेवावी लागते, पैसे भरायला किंवा म्हणणं मांडायला वेळ मिळावा म्हणून. कागदावरच्या वेळेने दोन तास भरत होते. खरी वेळ काय?

त्याचं उत्तर आमच्या शेजारच्या गुजराती मासींकडे सापडलं. संध्याकाळी मी रडवेली होऊन त्यांना सगळं सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "बेटा, मारा कॅमेरामां बधुं छे." दारावरच्या घंटीच्या कॅमेऱ्यात सगळं होतं. व्हॅन आली ६ वाजून १८ मिनिटांनी. क्लॅम्प लागला ६:२३ ला. लॉरीने गाडी उचलली ७:४८ ला. म्हणजे दीड तासही झाला नव्हता, आणि कागदावरची वेळ खोटी होती. मासींनी ती फिल्म पेनड्राइव्हवर घालून दिली आणि भाऊबीज आहे म्हणून जेवायलाही घातलं.

सल्लागार बाईंनी मला तीन गोष्टी करायला सांगितल्या आणि एक करायची नाही म्हणून बजावलं. करायची नाही ती अशी: यार्डात जाऊन गाडी स्वतः काढायचा प्रयत्न नको, कुठेही क्लॅम्प कापायचा नाही. ताब्यात घेतलेल्या मालाशी ढवळाढवळ हा गुन्हा आहे, आणि मग आपण बरोबर असूनही चुकीचे ठरतो.

पहिली गोष्ट, सात दिवसांच्या आत लेखी दावा. माल कर्जदाराचा नसून तिऱ्हाइताचा आहे, असा दावा करायची पद्धत इंग्लंडच्या दिवाणी नियमांच्या ८५ व्या भागात दिली आहे. माल हलवल्यापासून सात दिवसांत बेलीफला लेखी कळवायचं: माझं नाव, पत्ता, कुठली वस्तू, आणि ती माझी कशी. बेलीफने ते तीन दिवसांत कौन्सिलला पोचवायचं, आणि कौन्सिलने सात दिवसांत सांगायचं की दावा मान्य आहे की नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दावा मान्य करायचा की नाही हे बेलीफ ठरवत नाही, ज्याची वसुली आहे तो ठरवतो. आणि दावा कोर्टात गेला की कोर्टाने सांगितल्याशिवाय गाडी विकता येत नाही. रस्त्यावर त्या माणसाशी मी तासभर वाद घातला, त्याच्या हातात मुळात निर्णयच नव्हता.

दुसरी गोष्ट, तेच पत्र त्याच दिवशी थेट कौन्सिलच्या पार्किंग विभागाला पाठवायचं, कंपनी पोचवेल म्हणून थांबायचं नाही. तिसरी, फीचा हिशेब लेखी मागायचा.

मी विचारलं, गाडी माझ्या कामाचं साधन आहे, त्याचा उपयोग नाही का? धंद्याची अवजारं जप्त करता येत नाहीत असं मी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, ती सूट कर्जदाराला असते आणि एकूण १,३५० पौंडांपर्यंतच. तुमची गाडी २,८५० ची. आणि मुख्य म्हणजे तुम्ही कर्जदारच नाही, मग कर्जदाराची सूट मागून स्वतःला त्याच्या जागी कशाला बसवता? हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. खोट्या आरोपापुढे आपण किती पटकन सवलत मागायला लागतो.

गुरुवारी, १६ तारखेला, पत्र गेलं. सोबत पावती, बँकेची नोंद, विकणाऱ्याशी झालेले मेसेज, गाडीची मूळ जाहिरात, माझ्या नावाच्या विम्याचा कागद, लॉगबुक आणि कॅमेऱ्यातली वेळेसकट चित्रं.

कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. चार ओळी. वॉरंट माझ्या खरेदीच्या आधीचं आहे, त्यामुळे गाडी आधीच त्या वसुलीला बांधलेली होती, विक्रीने काही फरक पडत नाही. आता देय रक्कम ६२४ पौंड, शिवाय ओढून नेण्याचा खर्च आणि यार्डाचं भाडं रोजचे ३० पौंड. ही चिठ्ठी वाचून मी खरंच खचले. ऐकायला ते कायद्यासारखं वाटतं.

सल्लागार बाईंना मी ईमेल केला, त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. सेवेचा दर्जा म्हणायचा तर हा. ऑफिसची वेळ संपली होती, तरीही. त्यांनी सांगितलं की कंपनीने अर्धा नियम सांगितलाय. वॉरंटने कर्जदाराचा माल बांधला जातो आणि नंतरची विक्री त्याला बाधा आणत नाही, हे बेलीफच्या वसुलीबद्दलच्या २००७ च्या कायद्याच्या १२ व्या परिशिष्टात आहे. पण त्याच परिशिष्टाच्या ५ व्या परिच्छेदात पुढे असंही आहे की ज्याने प्रामाणिकपणे, योग्य मोबदला देऊन आणि त्या बांधलेपणाची कल्पना नसताना माल घेतला, त्याच्या मालकीला धक्का लागत नाही. मी २,८५० पौंड दिले होते, बाजारभावाने. मला वॉरंटची कल्पना असण्याचं कारणच नव्हतं. पैसे भरून केलेल्या तपासणीत कर्ज दिसतं, चोरी दिसते, अपघात दिसतो, पण आधीच्या माणसाचे बसलेनचे दंड दिसत नाहीत, कारण ते दंड गाडीवर नसतात, माणसावर असतात.

मग आम्ही फीचा हिशेब उलगडला. तोही सांगते, कारण आमच्याकडच्या कितीतरी लोकांना नुसता शेवटचा आकडा दिसतो. लंडनमधला तो दंड १३० पौंडांचा. चौदा दिवसांत भरला असता तर ६५. भरला नाही म्हणून निम्म्याने वाढून १९५. नोंदणीचे ९, झाले २०४. तिथून पुढची फी तेव्हा २०१४ च्या नियमांनी ठरलेली होती. केस कंपनीकडे आली आणि नोटीस गेली की ७५. दारात आले की २३५. १,५०० पौंडांच्या वर कर्ज असेल तरच वरच्या रकमेवर साडेसात टक्के. २०४ चे असे ५१४ होतात. विक्रीच्या टप्प्याची फी ११०, ती जोडली की ६२४.

बाईंचा प्रश्न साधा होता: गाडी यार्डात नुसती उभी आहे, तिच्या मालकीचा वाद चालू आहे, मग विक्रीच्या टप्प्याचे ११० कशाचे? आणि त्याहून मोठा प्रश्न: ही सगळी फी कर्जदाराकडून घ्यायची असते. जी बाई कर्जदार नाही तिच्याकडून एक पेनीही कुठल्या नियमाने मागता? हे दोन प्रश्न मी जसेच्या तसे कौन्सिलला लिहिले. शेवटी एक ओळ घातली की उत्तर आलं नाही तर मी लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाईन, कारण कौन्सिलने नेमलेल्या बेलीफच्या वागण्याला कौन्सिलच जबाबदार असते.

मधले दिवस वाईट गेले. टॅक्सीला दिवसाला वीस-पंचवीस पौंड, तरी निम्मे फेरे सोडावे लागले. रोजच्या तीस पौंडांचं भाडं वाढतंय हा विचार झोपू द्यायचा नाही. कौन्सिलने दावा नाकारला असता तर प्रकरण कोर्टात गेलं असतं, आणि तिथे गाडीच्या किमतीइतकी रक्कम आधी भरावी लागू शकते, हेही बाईंनी लपवलं नव्हतं. त्यांनी खोटा धीर दिला नाही, यासाठी मी त्यांना सगळ्यात जास्त मानते.

२३ नोव्हेंबरला कौन्सिलचं पत्र आलं. दावा मान्य. गाडी विनाशुल्क परत द्यावी, अशी सूचना कंपनीला दिली आहे. २४ ला, शुक्रवारी, मी बस आणि दोन गाड्या बदलून यार्डात गेले. खिडकीतल्या माणसाने किल्लीचं विचारलं, सही घेतली, बोट दाखवलं. दिलगिरीचा एक शब्द नाही. करंज्यांचा डबा मागच्या सीटवर होता, आतल्या करंज्या फेकून द्याव्या लागल्या.

जानेवारीत कौन्सिलने टॅक्सीच्या पावत्यांचे २१२ पौंड दिले आणि क्लॅम्पच्या खोट्या वेळेबद्दल लेखी माफी मागितली. बेलीफची तक्रार त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या कोर्टाकडेही करता येते, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. तो मी भरून ठेवला आहे. पाठवायचा की नाही यावर घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, मिटलं ना, सोड. मला वाटतं, कागदावर खोटी वेळ लिहिणारा माणूस उद्या अशा घरी जाईल जिथे समोर कॅमेरा नसेल.

एक गोष्ट केंद्राच्या बाजूने आणखी. डिसेंबरमध्ये माझ्यासोबत काम करणारी केरळची एक मुलगी तिच्या कौन्सिल टॅक्सचे कागद घेऊन रडत होती. दोन वर्षांची थकबाकी, दोन आदेश, बेलीफ एकदाच आला, आणि बिलात २३५ दोनदा. तिची थकबाकी खरी होती, ती नाकारत नव्हती. मी तिला त्याच केंद्रात नेलं. या वेळी पावणेनऊला जाऊन उभ्या राहिलो. बाईंनी दोन मिनिटांत बोट ठेवलं: एकाच माणसावरची दोन प्रकरणं एकत्र हाताळता येत असतील तर ७५ प्रत्येकी लागू शकतात, पण भेटीचे २३५ एकदाच. एका पत्राने २३५ पौंड कमी झाले, उरलेल्याचे हप्ते बांधून मिळाले. हातात पैसा नसलेल्या घरात २३५ पौंड म्हणजे तीन-चार आठवड्यांचा किराणा.

ज्यांना केंद्रात जाणं जमत नाही त्यांनी नॅशनल डेटलाइनला फोन करावा. तीही मोफत आहे, आणि बेलीफबद्दलची त्यांची माहितीपत्रकं मी रात्री वाचत बसायचे. सोप्या इंग्रजीत आहेत. आणि कुणी जुनी गाडी घेत असेल तर रोख देऊ नका. बँकेतून द्या, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, पावतीवर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वेळ आणि रक्कम लिहून सही घ्या. माझी गाडी त्या एका पानाने आणि बँकेच्या एका ओळीने परत आली.

राहिलेला तुकडा असा: उचलताना पुढच्या बंपरला लांब ओरखडा पडला आहे. मासींच्या कॅमेऱ्यात आदल्या संध्याकाळचा बंपर दिसतो, त्यावर काही नाही. दुरुस्तीला १४० पौंड लागले, पावती मी ९ फेब्रुवारीला कंपनीला पाठवली आहे आणि प्रत कौन्सिलला. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.